केदारचं अंगडं

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वृषालीनं मोबाईल उघडला आणि तिला दिसलं, की तिनं रचलेल्या पाळण्यातलं नाव कुणीतरी बदललंय.

चहासुद्धा न घेता ती तडक भागूमाईंच्या मठात आली.

मी तिथंच ओट्यावर होते. दवाखान्यात जाताना लेकराला मांडीवर घेऊन जरा टेकले होते.

“माझं गाणं चोरलं, माई. हे बघा.”

माई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“ऐकव.”

मोबाईलमधून एक परकी बाई गात होती... शर्विल माझा निजला गं, चांदणं पांघरून.

“तिथं केदार होता,” वृषाली म्हणाली. “चाल माझी, शब्द माझे. माझं लेकरू तेवढं काढलं आणि तिचं निजवलं.”

केदार तिचा मुलगा. गेल्या थंडीत गेला. त्याच्यासाठी रचलेला पाळणा तिनं मग इंटरनेटवर टाकला होता.

“टाकलास तेव्हा लोकांना काय म्हणालीस?”

“ऐका म्हटलं. घ्या नव्हतं म्हटलं.”

“हं. तिनं विचारायला हवं होतं.”

“तेच ना. तक्रार केली की काढून टाकतात ते. सगळं भरून ठेवलंय. नुसतं बोट लावायचं बाकी आहे.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस? बोट माझं लागतं का?”

वृषालीनं मोबाईल मांडीवर ठेवला.

“केदारला पहिलं अंगडं कुणाचं घातलं होतं?” माईंनी विचारलं.

आमच्याकडे बाळाचं पहिलं अंगडं नवं नसतं. दुसऱ्याच्या लेकराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं.

“मामींनी दिलेलं. त्यांना आणखी कुणी दिलेलं. किती लेकरांनी घातलं, देव जाणे.”

“नाव कुणाचं होतं त्याच्यावर?”

“अंगड्यावर कुठं नाव असतं, माई?”

“आता कुठंय ते?”

“पेटीत. माझ्याकडंच.”

“पुढं दिलं नाहीस.”

“कोण घेईल?” ती म्हणाली. “गेलेल्या लेकराचं...”

माझा हात आपोआप माझ्या लेकरावर गेला. मी त्याला पदराखाली ओढलं.

वृषालीनं ते बघितलं.

माईंनी सूप बाजूला सारलं.

“केदार गेला, हे गाण्याखाली लिहिलंयस?”

“पहिल्याच ओळीत.”

“त्या बाईनं वाचलं असेल?”

“वाचलंय. खाली हात जोडलेत तिनं.”

“वाचूनही घेतलं म्हणजे.”

...

मोबाईल वृषालीच्या मांडीवर पडला होता. गाणं संपलं आणि आपलं आपण पुन्हा सुरू झालं. पडद्यावरचं लेकरू झोपेत ओठ चोखत होतं. तिनं ते बंद केलं नाही.

शेवटी म्हणाली, “मग केदारचं नाव जाऊ देऊ का, माई?”

“का म्हणून? गाण्याखाली त्याचं नाव माग तिच्याकडं. हक्कानं माग.”

माईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. एक शेंग फोडली.

“आणि एक निरोप धाड तिला. म्हणावं, अंगडंही आहे. कुणाला लागलं तर सांग.”