सरदाराचा हरवलेला घोडा

इटलीतल्या लोंबार्ड लोकांचा सरदार वाल्डरिक याचा हुकूम होता, "लढाईतून घोडा हरवून येणाऱ्या स्वाराला फाशी!"

एका लढाईत शत्रूने त्याची फौज उधळून लावली. वाचलेले स्वार छावणीत पोचले. मागून म्हातारा स्वार इल्डो लंगडत, पायीच आला.

वाल्डरिक घोड्यावरूनच ओरडला, "घोडा हरवलास? दोर आणा रे!"

इल्डो म्हणाला, "सरकार, माझा घोडा छावणीत सुखरूप आहे. तुम्ही त्याच्यावरच बसला आहात. धुळीत तुमचा घोडा कोसळला, तेव्हा मीच तुम्हाला माझ्या घोड्यावर चढवलं. हरवलाय तो तुमचा."

वाल्डरिकने खाली पाहिलं. खोगीर परकं होतं. तो पांढराफटक पडला. दोर घेऊन आलेला शिपाई जागीच थिजला. आता फास कुणाच्या गळ्यात घालायचा, हे विचारायची त्याची हिंमत होईना.