कालवपाड्याच्या घंटेची दोरी

पोर हसलं तर घंटा बाटते का? पास्कूनं हे कारभाऱ्याला विचारलं, म्हाताऱ्या बायकांना विचारलं, पाद्र्यालाही विचारलं.

तुम्ही आत येताना पाहिलं असेल, आमच्या इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, घंटेची दोरी पार खाली आली आहे. कुठल्याही देवळात ती मोठ्या माणसाच्या हाताला लागेल अशी असते. इथं तिची गाठ चार वर्षांच्या मुलाच्या छातीशी येते. ती तिथं कशी आली त्याची ही गोष्ट आहे. माझ्या आजीनं मला सांगितली, तिला तिच्या आजीनं.

जुनी घंटा तडकल्यावर गलबतातून नवी आली. मनोऱ्यात चढवली, पण तिला तेल लावून नाव द्यायला पाद्री खाडीपलीकडून रविवारी यायचा होता. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

पास्कू वीस वर्षांचा, दोन यत्ता शिकलेला. मनात आलं की हात आधी पुढं जायचा. धाकटी बहीण लुझी त्याच्या मांडीएवढी. ‘दादा, एकदाच,’ म्हणून तिनं सकाळपासून पिच्छा पुरवला होता. त्यानं दोरी ओढली.

घंटा घुमली. लुझी दचकली, आणि मग तिनं दोन्ही तळवे मनोऱ्याच्या भिंतीवर टेकवले. भिंत थरथरत होती. तिनं तिला गालही लावला.

“दादा, भिंत हसते! हात लाव!”

आणि ती अशी खदाखदा हसली की बायका धावत आल्या. इगर्जीचा कारभारी, म्हातारा साल्वू आजा, त्याचा चेहरा उतरला.

“नव्या घंटेपुढं हसते? अजून तेल लागलं नाही तिला. हे बरं नाही.”

“तुझ्या टकलाला तरी कुठं लागलंय, आजा?” पास्कू म्हणाला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. आजा हसला नाही. त्यानं शिडी लावली, दोरी दोन पुरुष उंचीवर खुंटीला गुंडाळली आणि शिडी घरी नेली. त्या संध्याकाळी मनोऱ्यातली कबुतरं उडून गेली ती परतली नाहीत, असं सांगतात.

दोन दिवसांनी, पहाटेच पाणी पार ओसरलं म्हणून मोनीबाय, म्हणजे पास्कूची आई, कालवं फोडायला खाडीच्या खडकांवर निघाली. लुझीही मागं लागली. जानेवारीतले, तीन राजांच्या सणानंतरचे धुक्याचे दिवस. पास्कू जाळं शिवत दारात बसला होता.

“धुकं पडलं तर?” लुझीनं विचारलं.

“खडकावरून हलायचं नाही. भिंत हसली की त्या बाजूला चालत यायचं. मी हसवतो तिला.”

खुंटीवरची दोरी त्याला आठवलीही नाही.

ऊन वर यायच्या आत धुकं उतरलं. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. भरती लागली. पास्कू इगर्जीत धावला, आणि वर पाहून जागीच थांबला. त्यानं उड्या मारल्या, बाकावर बाक चढवला, पडला. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला आजाच्या घरी पळाला.

“बाप्तिस्मा नसलेली घंटा, पोरा…” आजा दाराशी आडवा उभा राहिला. “रविवार उद्यावर आलाय.”

पास्कूनं त्याला ढकललं आणि शिडी उचलली.

वाटेत खडकांवरून परतलेल्या दोन बायका भेटल्या, कमरेपर्यंत भिजलेल्या. “मोनी येईना,” त्या म्हणाल्या. “घंटा वाजल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. पास्कूनं सांगितलंय, म्हणाली.”

घंटा वाजली तेव्हा खडक बुडाले होते. पहिल्या ठोक्यानंतर धुक्यातून एकदाच पोराचं हसू ऐकू आलं, म्हणे. पास्कू दुपारपर्यंत दोरी ओढत राहिला. तळहात सोलले तरी सोडेना.

ओहोटीला दोघींचे देह सापडले. आईनं लुझीला खांद्यावर घेतलं होतं.

रविवारी पाद्री तेलाची कुपी घेऊन आला. पास्कूनं त्याला सर्वांसमोर विचारलं, पोर हसलं तर घंटा बाटते का? पाद्री कुपी न उघडताच परत गेला. घंटेला अजून नाव नाही. साल्वू आजा पुन्हा कधी इगर्जीच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

त्याच दिवशी पास्कूनं आपल्या होडीची नांगराची दोरी सोडून आणली. होडी ओहोटीबरोबर गेली, त्यानं वळून पाहिलं नाही. पुढं तोही गावात दिसला नाही.

आजही धुकं पडलं की गावातलं सगळ्यात लहान पोर आधी दोरी ओढतं, मग मोठी माणसं. आजही या इगर्जीत हसणाऱ्या पोराला कुणी गप्प करत नाही. वरची दोरी झिजली की बदलतात, खालचा नांगरदोरीचा तुकडा मात्र तोच आहे. तो जोडला तेव्हा पास्कू आधी फरशीवर ताठ उभा राहिला. आपल्या मांडीशी हात धरून त्यानं लुझीची उंची मोजली, मग गुडघे टेकून तिच्या छातीशी येईल अशी गाठ मारली, आणि तिला जमेल की नाही ते बघायला दोनच बोटांनी ओढली. घंटा वाजली. मग त्यानं भिंतीला हात लावला.