एक शेपूट, एक पिशवी

एक होतं जंगल. तिथं एक सिंह राजा होता आणि थंडीत त्याला प्रजेची फार काळजी वाटायची. उन्हाळ्यात वाटायची नाही, कारण निवडणूक थंडीत असायची.

त्या वर्षी महाराजांनी घोषणा केली, ‘एक शेपूट, एक पिशवी!’ प्रत्येक प्राण्याला शेपटीवर चढवायची उबदार पिशवी फुकट. बाहेर महाराजांचा हसरा चेहरा, आत सुकं गवत, भरपूर राख आणि राखेत पुरलेला एक निखारा. कंत्राट लांडग्याला मिळालं, कारण तो महाराजांचा मेहुणा होता. सिंहाचा मेहुणा लांडगा कसा, हे विचारायची जंगलात पद्धत नव्हती. लांडग्यानं थोडा विचार केला आणि राख तेवढी वगळली.

नमुन्याची पिशवी गोंडाबाई खारीच्या लेकीला, टुणीला मिळाली. टुणी ती घालून ऐटीत फांदीवर बसली आणि जरा वेळानं किंचाळत खाली आली. झुपकेदार शेपटीची पार वात झाली होती. गोंडाबाईनं लेकीला चिखलात बुचकळलं, पोटाशी धरलं, आणि मग तिला कोठार आठवलं. उद्या सकाळी भाषणाच्या आधी कोठारातल्या सगळ्या पिशव्या वाटल्या जाणार होत्या. जंगलातल्या सगळ्या पोरांना! टुणीला मावशीच्या ढोलीत ठेवून, ती धुमसती पिशवी काठीला अडकवून ती तक्रार करायला निघाली.

आता इथली कामाची पद्धत सांगायला हवी. जंगलात प्रत्येक खात्याची हद्द ठरलेली होती. हद्द आखायची रीत जुनी आणि सोपी. साहेबानं झाडापाशी जायचं, पाय वर करायचा आणि आखून यायचं. पुढे वाद झालाच तर हुंगून निकाल लागायचा.

शेपूट खात्याचे हुप्पेसाहेब वानर फांदीवर लोंबकळत होते. त्यांनी पिशवी हुंगली.

“आमचा वास नाही, बाई. म्हणजे आमची हद्द नाही.”

“अहो साहेब, लेकीची शेपूट जळाली!”

“आता शेपूट आहे का?”

“वात उरलीय नुसती.”

“वात आमच्याकडे येत नाही. आणि ही तर पिशवी आहे. पिशवी खात्यात जा.”

पिशवी खात्यात झोळेसाहेब होते. हा पाणकोळी पक्षी. चोचीखाली झोळी असल्यामुळे तज्ज्ञ. त्यांनीही आधी हुंगलं. “शिवण उसवलीय? बंद तुटलाय? नाही ना? मग उत्तम पिशवी आहे. आगीचं म्हणाल, तर आग विझवणारं खातं वेगळं.”

ते खातं डबक्यात होतं. त्याचे प्रमुख डुंबरेसाहेब, म्हणजे गवा, नाकापर्यंत पाण्यात बसून होते.

“हा तर धूर. ज्वाळा दिसली की या.”

“ज्वाळा दिसली तेव्हाच पोरीची शेपूट गेली, साहेब!”

“मग तेव्हाच यायचं ना, बाई.”

गोंडाबाई डबक्याच्या काठावर मटकन बसली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. तेवढ्यात वरच्या फांदीवरून हुप्पेसाहेब चालले होते, त्यांच्या शेपटीचं टोक डबक्यावर आलं. डुंबरेसाहेब एकदम उसळून उभे राहिले. “ही हद्द कुणाची? कुणाची हद्द ही?” अख्खं डबकं बाहेर सांडलं. आगीसाठी न हललेला साहेब शेपटीच्या टोकासाठी गळाभर चिखलातून बाहेर आला होता!

गोंडाबाईनं डोळे पुसले.

“साहेब, सांगायचं राहिलंच,” ती गव्याला म्हणाली. “कोठारातल्या पिशव्या आमच्याच, असं हुप्पेसाहेब म्हणतायत. आत्ता हद्द आखायला निघालेत.”

मग तिनं वानराला गाठून पाणकोळ्याचं नाव सांगितलं, आणि पाणकोळ्याला गव्याचं.

दिवेलागणीच्या आत तिन्ही खाती कोठारावर धडकली. कधी नव्हे ती कामाला लागली. वानरानं एका बाजूनं आखायला घेतलं, गव्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि गव्याची क्षमता तर सरकारी योजनेला शोभेल अशी होती. पाणकोळ्यानं, पक्षी असल्यामुळे, जे करायचं ते वरून केलं. साहेबांनी हाताखालच्यांनाही बोलावलं, भरपूर पाणी पाजून. एकेक निखारा चर्र करून विझत गेला. गोंडाबाई नाक दाबून ऐकत होती आणि प्रत्येक आवाजाला तिला हायसं वाटत होतं.

सकाळी ओल्या पिशव्यांचं वाटप झालं. महाराज मंचावर आले.

“विरोधक म्हणत होते, पिशवी पेटेल! पेटली का?”

“नाही!” नाक धरून बसलेली प्रजा म्हणाली. म्हणताना तोंड उघडावं लागलं, ते चुकलंच.

“आमच्या अधिकाऱ्यांनी या पिशव्यांसाठी काय काय गाळलंय, ते तुम्हाला ठाऊक नाही!”

मग ‘जंगलातली सर्वांत सुरक्षित पिशवी’ म्हणून लांडग्याला हार घातला गेला. जनतेच्या सोयीसाठी महाराजांनी नवी योजनाही जाहीर केली, ‘एक नाक, एक चिमटा’. कंत्राट मेहुण्यालाच.

“आई, वास येतोय,” टुणी म्हणाली.

“येऊ दे गं,” गोंडाबाई म्हणाली. पुढच्या रांगेत पोरांच्या शेपट्या वळवळत होत्या, सगळ्या शाबूत. तिला तेवढं पुरे होतं.

भाषण संपलं. टाळ्यांची वेळ झाली. नाक धरायला एक हात लागतो, टाळ्या वाजवायला दोन्ही. प्रजा क्षणभर घुटमळली.

मग सगळ्यांनी नाकं सोडली.