रडतं शेत

तो तोंडातला तंबाखूचा बार आधी थुंका, पाहुणे, मग बांधावर या. इकडे नव्हे हो, तिकडे रस्त्यावर! चहूकडे हरभरा मातलाय आणि मधला हा एवढाच तुकडा पडीक का, असं सगळेच विचारतात. याला रडतं शेत म्हणतात.

फार पूर्वी इथं जैतोजी पाटलाची अफू पिकायची म्हणे. दुपार कलली की बोंडांना चिरा मारायच्या आणि पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा. उन्हं चढली की चीक वाळतो, म्हणून बायकांनी मान वर करायची नाही. पण पोर रडलं की आई पाजायला उठणार, आणि पाटलाला तेच खुपायचं. मेल्यानं बाळांसाठी गोळ्या वाटल्या, अफूच्याच! पोरं बांधावरच्या झोळ्यांत गपगार पडायची. "गुणाचं गं माझं लेकरू," असं बाया कौतुकानं म्हणायच्या. गुणाचं कसलं डोंबलाचं! पोरांचं दूध पिणं सुटलं होतं, ती सुकत चालली होती.

भिवराही आपल्या राघोला रोज गोळी द्यायची. एके सकाळी गोळी देऊनही तो कुरकुरला. पाटील बघत होता. घाबरून तिनं घाईघाईत त्याच्या तोंडात अंगठा दिला. अंगठ्याला ताजा चीक होता. तो तर रोजच लागायचा, त्याचं कुणाला काही वाटत नसे. राघो चोखता चोखता शांत झाला, तशी ती सुटल्यासारखी ओळीत परतली.

उन्हं चढल्यावर तिनं त्याला उचललं, तर ओठ निळे आणि श्वास नाही. ती किती तरी वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग लेकरू घेऊन पाटलासमोर उभी राहिली.

"याला रडवा," ती म्हणाली.

"चीक वाळतोय," पाटील म्हणाला. जीभ कशी झडली नाही त्याची!

तेव्हा बाकीच्या बाया उठल्या. एकेकीनं आपलं गुंगलेलं पोर आणून पाटलाच्या भोवती ठेवलं आणि त्याची वाट अडवून बसल्या. दिवस कलता कलता अंमल उतरला, आणि पोरं एकामागून एक रडायला लागली. भिवरा राघोच्या तोंडाशी कान नेऊन तशीच बसून होती.

ते रडणं पाटलाच्या कानातून पुन्हा गेलंच नाही, असं सांगतात. ते ऐकू येऊ नये म्हणून तो स्वतः अफू खाऊ लागला. आज एवढीशी, उद्या सुपारीएवढी. पोट साफ होईना, अंगावरचं मांस उतरलं, हात थरथरायला लागले. शेवटी इथंच पडून मेला. बरं झालं! त्यानंतर इथं कुणी नांगर घातला नाही.

आजही बारसं झालं की बाळाला इथं आणतात आणि चिमटा काढून रडवतात. ते रडलं की बाया ओरडतात, "जागं आहे गं, जागं आहे!" पण पहिला मान भिवराच्या लेकराचा. आधी एक रिकामी झोळी बांधतात, आणि सगळं गाव गप्प उभं राहून वाट बघतं. झोळीतून काही आवाज येत नाही. मग दुसरं बाळ पुढं आणतात.