मोकळे सोडलेले स्पीकर

"आता आणखी काय लावायचं राहिलंय, चाचा?"

सन्मती चौगुले गाडीच्या दाराला धरून उभा होता. आवाजात विचारणं कमी आणि धुसफूस जास्त.

मुजावरचाचा गाडीतून उतरले. आत गाणं अजून चालूच होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

चाचांच्या सांगलीतल्या गॅरेजात गाड्यांना स्पीकर बसवायचं काम चाले. चाचांची एक रीत होती. शिकून तयार झालेल्या गड्यानं एक गाडी एकट्यानं करायची. मग चाचा आत बसून, डोळे मिटून, एका बाईनं साथीशिवाय म्हटलेली ओवी ऐकायचे. ओवी संपेपर्यंत बसले, तर गड्यानं खुशाल स्वतःचं दुकान थाटावं. आधीच उठले, तर पुन्हा त्यांच्याच हाताखाली.

आज पाळी सन्मतीची होती. त्यानं मिरजेत गाळासुद्धा बघून ठेवला होता. स्वतःवर भरवसा असावा, पण किती!

"स्पीकर सगळे भारीतले आहेत. वायरिंग बघा. एक टाका कच्चा निघाला तर नाव बदलीन."

"टाके चांगले हायत."

"मग?"

"बाई काय म्हणती, ते कळंना."

हे सन्मतीलाही जाणवलं होतं. कबूल करायला जीभ रेटत नव्हती, एवढंच.

चाचांनी सीटखालून क्रॉसओव्हरची डबी ओढली. गाण्यातले बारीक स्वर छोट्या स्पीकरकडे, जाड स्वर मोठ्याकडे, अशी वाटणी ही डबी करते. सन्मतीनं तिची सगळी बटणं शेवटपर्यंत मोकळी सोडली होती.

"हे असं का?"

"एवढे भारी स्पीकर आणायचे आणि त्यांची तोंडं बांधायची? ज्याला जेवढं गाता येतंय तेवढं गाऊ दे की!"

"हं..."

चाचांनी एकेक बटण बोटानं चाचपलं.

"मिरजेच्या दुकानात कोण कोण?"

"मीच. वायरिंग मी करणार, स्पीकरच्या पेट्या मी, गिऱ्हाईकही मीच बघणार."

"आणि भरतेश?"

भरतेश सन्मतीचा धाकटा भाऊ. पेट्या बनवण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

"मलापण येतात की पेट्या," सन्मती म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "बोलत नाही तो हल्ली माझ्याशी."

चाचा डबीवर वाकले. एक बटण थोडं फिरवलं. दुसरं थोडं जास्त. मोठ्या स्पीकरकडचे बारीक स्वर काढून घेतले, छोट्याकडचे जाड.

"बस आत. पहिल्यापासनं लाव."

सन्मती बसला. आवाज आधीपेक्षा लहान वाटला. तो तसं बोलणारही होता.

पण तेवढ्यात बाई समोर येऊन बसल्यासारखी गाऊ लागली. शब्दन् शब्द सुटा. दोन ओळींच्या मध्ये तिनं घेतलेला श्वाससुद्धा. ही ओवी त्यानं या गॅरेजात कितीतरी वेळा ऐकली होती, पण भावाचं नाव घेताना बाईचा गळा दाटतो, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि कशाचं ते त्याला नीट कळलंही.

ओवी संपली. तो आतच बसून राहिला.

"चाचा, तुम्ही तर नवं काहीच लावलं नाही."

"नाही."

"मग हे आलं कुठून?"

चाचा फडक्याला हात पुसत होते.

"चाचा... मी इथंच राहू, का दुकान काढू?"

"काढ की दुकान," चाचा म्हणाले. "फक्त तिथं तू काय काय करणार नाहीस, तेवढं मला सांगून जा."