धुरपाईचं उघडं कुलूप

घाण्याला बैल जुंपून गावोगावी तेल काढत, त्या काळची ही गोष्ट. पोरांनी ऐकली तरी चालेल. पोरींनी तर ऐकावीच.

कातरखडीत धुरपा नावाची सुईण होती. तिचा हात पोटावरून फिरला की आतलं आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात. ती वाटेनं चालली की गोठ्यातल्या गाभण गाई उठून उभ्या राहायच्या, असंही म्हणतात.

गावात एक रीत होती. घरात बाई अडली की जे जे बंद असेल ते उघडायचं. पेटीचं कुलूप काढायचं, कणगीचं झाकण उतरवायचं, गाठोडी सोडायची, बायकांनी अंबाडे सोडायचे, जनावरांची दावीसुद्धा सोडायची. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते, असं सगळे मानत.

त्या उन्हाळ्यात म्हाळसा तेलिणीची धाकटी सून ठकू अडली. पहिलटकरीण, अंगानं काडी. सकाळी धुरपा आली तेव्हा म्हाळसानं घर सताड उघडं टाकलं होतं. घाण्याचा बैलही सोडला होता. नवऱ्याच्या मर्तिकाला जिनं घाणा थांबवला नव्हता, तिनं नातवासाठी थांबवला.

दुपार झाली. ठकूला मागून घट्ट धरून बसायला कुणीतरी हवं होतं. म्हाळसाचे गुडघे धरलेले, तिला ते जमेना.

"थोरली कुठाय?" धुरपानं विचारलं. "सगुणाला बोलवा. ती धरंल."

"ती म्हायेरी गेलीया," म्हाळसा म्हणाली.

सगुणा म्हणजे म्हाळसाची थोरली सून. तिची बाळंतपणं धुरपानंच केली होती, पण एकाही लेकराची पाचवी पुजायला मिळाली नव्हती. शेवटचं जाऊन वर्ष उलटलं होतं. पांढऱ्या पायाची म्हणून गावानं तिला नाव ठेवलं होतं, आणि गाव असली नावं फार मन लावून ठेवतं.

ऊन कललं तरी मूल खाली सरकेना. धुरपानं पोटाला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग मान वर करून म्हणाली, "म्हाळसाबाई, घरात अजून एक कुलूप हाय."

"देवाच्या दिव्याची आण. एक बी ऱ्हायलं न्हाई."

म्हाळसा आण घेऊन खोटं बोलली असं मला वाटत नाही. रीत पेट्यांची होती, कणग्यांची होती, बैलाची होती. त्यात सून कुठं येते, असंच तिला वाटत असणार.

तेव्हा ठकूच बोलली. आवाज फुटत नव्हता, तरी बोलली. "आत्याबाई, जाऊबाईंना सोडा. काल सांजपास्नं दार वाजवत्यात त्या."

मग ते धुरपाला आणि म्हाळसालाही ऐकू आलं. घाण्यामागच्या पेंडीच्या खोलीतून कुणीतरी तळहातानं दार थोपटत होतं. सगुणाची सावली बाळंतिणीवर पडू नये म्हणून सासूनं तिला तिथं कोंडलं होतं.

धुरपाचे दोन्ही हात गुंतले होते. "मी हात काढला तर दोघं बी जातील," ती म्हणाली. "किल्ली तुमच्या कनवटीला हाय. उठा."

"तिची सावली पडली तर माझा नातू जाईल."

"आन् न्हाई पडली तर ही पोर जाईल."

म्हाळसा उंबऱ्यात बसली ती बसलीच. अंगणातल्या सावल्या लांबत गेल्या. ठकूचं कण्हणं थांबलं, तेव्हा कुठं ती उठली.

कुणी सांगतात की ते कुलूप आपोआप गळून पडलं. मला ते सांगणं आवडत नाही. कुलूप आपोआप पडलं म्हटलं की उशीर कुणी केला, हे विचारायलाच नको. कुलूप म्हाळसानं काढलं, आणि फार उशिरा काढलं.

सगुणा बाहेर आली. केसांत पेंडीचा भुगा, तळहात सोललेले. ती सरळ जाऊन ठकूच्या मागे बसली आणि तिला कवेत घेतलं. पुढच्याच कळेला मूल आलं. मुलगी होती.

"आलात व्हय," ठकू म्हणाली. पण रक्त काही थांबेना. दिवेलागणीला ती सगुणाच्या मांडीवरच गेली.

मूल भुकेनं रडू लागलं, आणि वर्षभर आटलेला सगुणाचा पान्हा परत आला. चोळी भिजून गेली, असं म्हणतात. यावर माझा पुरा विश्वास आहे.

धुरपानं त्या घरचा चोळी-नारळ घेतला नाही. ते कुलूप घेतलं. पुढं ते कधी मिटलंच नाही; लोहारानं ऐरणीवर ठोकलं तरी मिटलं नाही. नंतर कुठल्याही घरी बोलावणं आलं की ती आधी उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि विचारायची, "कुणाला कोंडलंय का?" लोकांना राग यायचा, पण उत्तर द्यावंच लागायचं.

म्हाळसा पुष्कळ जगली. भर उन्हात उभी राहिली तरी तिच्या पायाशी सावली नसायची, असं म्हणतात.

धुरपाला जाऊन किती पिढ्या झाल्या. वेशीवरच्या लिंबाला ते कुलूप अजून लटकलेलं आहे, उघडंच. आता बायका जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तरी कळा सुरू झाल्या की कातरखडीतलं माणूस आधी धावतं ते जिचं मूल राहिलं नाही अशा बाईच्या दारी. तिला मानानं आणून गाडीत बसवतात, आणि तीच अडलेलीला मागून धरते. लिंबाखाली गाडी थांबते. ड्रायव्हर कुठल्याही गावचा असो, त्याला शिकवून ठेवलेलं असतं. तो विचारतो, "समदं उघडलं का?"

सासूनं उत्तर द्यायचं नसतं. नवऱ्यानंही नाही.

"उघडलंय," ती मागे बसलेली बाई म्हणते. "मी हाय हितं."

मग गाडी हलते.