डोणीवरची सावली

“…पण बाबा, तुमच्या माघारी गादीवर बसायचं कुणी, एवढं तरी सांगाल का?”

इलाहीनं पुन्हा तेच विचारलं.

दगडूशा फकीर तकियाच्या, म्हणजे फकिरांच्या मठाच्या, अंगणात, दगडी डोणीच्या कडेला, उतरत्या उन्हाकडं पाठ करून बसले होते. डोणीत कोंबड्यांचं पाणी होतं.

कोंबड्या नवसाच्या. लोक कापायला आणायचे. दगडूशा म्हणायचे, “तुला पीर पावला ना? मग हिलाही पावू दे.” आणि अंगणात सोडून द्यायचे. अशी ती पलटण वाढली होती.

इलाहीनं शिष्य म्हणून बाबांची सेवा केली होती. आता त्याचं बोलणं ऐकायला गावोगावची माणसं जमत. बाबा थकलेले. गादी आपलीच, हे त्याला ठाऊक होतं; फक्त बाबांच्या तोंडून ते यायला हवं होतं.

“निदान सावलीत तरी चला. चक्कर येईल.”

“मी उठलो तर ती पण उठेल.”

“कोण?”

बाबांनी डोणीकडं मान केली. पाण्यावर त्यांची सावली पडली होती, नेमकी डोणीएवढी. एक लंगडी म्हातारी कोंबडी त्या सावलीत चोच बुडवत होती, मान वर करून घोट गिळत होती.

इलाहीनं वर बघितलं. वर नुसतं आभाळ…

डोणीवर कडुलिंबाची मोठी फांदी असायची. उरुसाआधी ती इलाहीनंच तोडवली होती. तो ओट्यावर बसून चार गोष्टी सांगायला लागला, की फांदीवरचे कावळे त्याच्या हिरव्या फेट्यावर शिटायचे.

“बाबा… तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.”

“तू बोलत होतास ना.”

इलाही म्हणाला, “रोज बसता असं?”

“दुपार कलली की. पाणी तापलं तर पीत नाहीत बिचाऱ्या. चोची वासून, पंख सोडून उभ्या राहतात. ताजं भरलं तरी दगड तापलेला. चहाच होतो त्याचा.”

“पोतं बांधू या वर.”

“बांधलं होतं. वाऱ्यानं फडफडलं, की या बाया गाव सोडून पळतात.”

“एवढंच ना?” इलाहीनं काखेतली काळी छत्री काढली आणि डोणीवर धरून फट्‌दिशी उघडली.

जणू घार आली! सगळ्या कोंबड्या कलकलाट करत घाणेरीच्या झुडपात घुसल्या. लंगडीसुद्धा धावली.

बाबा हसले. हसता हसता खोकले. “मिट, मिट ती. लंगडीला पळवलंस… करामत आहे बाबा तुझी!”

इलाहीला ओशाळल्यासारखं झालं. त्यानं छत्री मिटली. “मग फांदी पुन्हा फुटेपर्यंत काय करायचं?”

“तोवर मी आहे.”

…

इलाहीनं बाबांकडं नीट बघितलं. मान उन्हानं रापून काळी पडली होती. सदऱ्यावर घामाचे पांढरे डाग पडले होते.

“हात दे रे. गुडघे धरलेत.”

त्यानं बाबांना उठवलं. पाणी लगेच उन्हात चमकायला लागलं.

“जरा बस इथं,” म्हणत बाबा भिंतीला धरून आत गेले.

इलाही बसला. जमीन तव्यासारखी. पाठीवर ऊन असं, की कुणी इस्त्री ठेवलीय. पाण्यावर त्याची सावली पडली.

कोंबड्या झुडपातून डोकावल्या, पण पुढं येईनात. फेट्याचा तुरा हलला की दचकत. इलाहीनं हळूच फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि बसून राहिला.

टाळू भाजायला लागली. माशी आली, नाकावर बसली. त्यानं ती हाकलली नाही.

बऱ्याच वेळानं लंगडी आली. एका डोळ्यानं तिनं त्याला बघून घेतलं. मग चोच बुडवली. मान वर केली. गळ्याशी घोट हललेला त्याला दिसला.

तिच्या मागून दुसरी आली… मग बाकीच्या.

दारात बाबा येऊन उभे राहिल्याचं त्याला कळलं. गादीचं विचारायचं होतं. ओठांवर आलंही. पण बोललो तर ही उडेल…

त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

दारातून हलकाच आवाज आला, “इलाही, ऊन पुढं गेलं बघ… थोडा सरक.”